गोंदण : सोबत जाणारा दागिना

संकठा घाटावर आले की आपल्याकडची जुनी माणसे यमेश्वर आणि यमादित्याची आठवण हमखास काढीत. यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, या भागात स्नानाचे माहात्म्य मोठे. माझी आजी पायऱ्या उतरताना कपाळावरच्या हिरव्या ठिपक्याला बोट लावून म्हणे, "बाकीचे दागिने इथंच उतरवून घेतात रे. हे तेवढं वर न्यायचं." लहानपणी याची भीती वाटे. पुढे कळले की ही समजूत महाराष्ट्रापासून बिहारपर्यंत बायकांमध्ये सारखीच आहे.

हे गोंदण करणारी कोण? आपल्या लेखी ती फक्त 'गोंदणारी', इकडच्या भाषेत गोदनहारी. नाव कुणी विचारले नाही. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हे काम बहुधा नटिनी करीत. आपल्या मध्यप्रांतात गोंडांच्या वस्त्यांतून ओझा जातीच्या बायका गोंदत फिरत, याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात आहे. शेजारचा घाट ज्यांच्या नावाचा, त्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगडही होते. १८५४ साली ते राज्य खालसा झाले. त्याच छत्तीसगडात १९व्या शतकाच्या अखेरीस रामनामी पंथ उभा राहिला. देवळाची दारे ज्यांना बंद होती, त्यांनी रामाचे नाव थेट अंगावर, कपाळावर, काहींनी तर नखशिखांत गोंदवून घेतले. दागिन्याची गोष्ट इथे हक्काची होते.

गोंदणारीचे साहित्य अगदी थोडे. एकत्र बांधलेल्या दोन-चार सुया, दिव्याची काजळी, ती कालवायला तेल किंवा पाल्याचा रस आणि वरून लावायला हळद. पण हात तयार व्हायला वर्षे लागत. शिक्षण आईकडून नाहीतर सासूकडून, पाहून पाहून. सुई वरवर टोचली तर खपलीबरोबर रंग निघून जातो. फार खोल गेली तर रक्त येते आणि रेघ फुटते. या दोहोंमधला थर बोटांनाच कळतो. कातडीच्या आतल्या थरातले काजळीचे कण वरून निळसर-हिरवे दिसतात, म्हणून काळ्याचे हिरवे होते. खोडून पुन्हा काढण्याची सोय नाही. म्हणून तिची सारी रचना ठिपक्यावर बेतलेली : एक ठिपका चुकला तर शेजारी दुसरा देऊन सावरता येते. तुळशीवृंदावन, सीतेची पावले, विंचू, मोर ही सगळी ठिपक्यांची आणि आखूड रेघांची कामे. पोरगी हात ओढू लागली की ती गाणे म्हणे, नाहीतर सासरची थट्टा करी. मला तर हे गाणे कलेचा निम्मा भाग वाटते.

१८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी गोंदण्याच्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले. मूळ कल्पना एडिसनच्या १८७६ च्या विजेच्या लेखणीची. पुढे अशी यंत्रे आपल्या जत्रांत आली. काम झटपट होऊ लागले आणि तुळशीवृंदावनाच्या जागी नवऱ्याचे नाव आले, तेही बऱ्याचदा चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह! एकच सुई अनेकांना वापरण्यातला रोगांचा धोका मात्र जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत तोच. आपल्या रक्तदान शिबिरात येणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे, की गोंदवल्यापासून १२ महिने रक्त घेतले जात नाही.

कातडीवरची ही कला कागदावरही गेली. १९७०च्या दशकात मधुबनीजवळच्या जितवारपूरच्या चानो देवी यांनी गोंदणाच्या आकृत्या चित्रांत आणल्या. त्या दुसाध समाजाच्या. राजा सलहेसाच्या कथा त्यांनी त्याच ठिपक्या-रेघांत मांडल्या. त्यातून 'गोदना' ही मिथिला चित्रकलेची स्वतंत्र शैली झाली. २०२४ साली याच शैलीसाठी शांती देवी पासवान आणि शिवन पासवान या दांपत्याला पद्मश्री मिळाली. गोदनहारीच्या आकृत्यांना नाव मिळाले. तिला स्वतःला मात्र नाही.

आजीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, स्टुडिओतला. फोटोवाल्याने चेहरा उजळ करताना कपाळावरचा ठिपकाही पुसून टाकला. हात पदराखाली आहेत. मनगटावर तुळशीवृंदावन होते की सीतेची पावले, यावर माझा आणि आत्याचा वाद अजून मिटलेला नाही.