थकबाकी आणि चंद्राची काळी बाजू

बँकेतल्या कारकुनाच्या हातातून रोज लाखो रुपये जातात आणि ते सगळे दुसऱ्याचे असतात. स्वतःचे म्हणावेत असे पैसे एकरकमी हातात पडण्याचा योग आमच्या कुंडलीत पाच वर्षांतून एकदा येतो. वेतनकरार होतो, मागली थकबाकी मिळते आणि आम्ही चार दिवस इनामदारासारखे वागतो. पाचव्या दिवशी घरात बैठक होते.

२०२४ साली असाच योग आला. बैठकीत हिने वॉशिंग मशीनचा विषय काढला. आमचं जुनं मशीन कपडे पिळताना स्वतःच घाबरतं आणि थरथरत मोरीच्या दारापर्यंत चालत येतं. चिरंजीवांनी मोबाइलचं नाव घेतलं. मी काही बोललो नाही. माझ्या मनात एक खोकं होतं.

ते खोकं म्हणजे 'द डार्क साइड ऑफ द मून' या तबकडीची पन्नासाव्या वाढदिवसाची आवृत्ती. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्रज मंडळींनी १९७३च्या मार्चमध्ये ही तबकडी काढली आणि २०२३च्या मार्चमध्ये तीच पुन्हा काढली. आतला ऐवज: दोन तबकड्या, दोन सीडी, दोन ब्ल्यू-रे, एक डीव्हीडी, दोन छोट्या तबकड्या आणि पुस्तकं. किंमत तीनशे डॉलरच्या घरात. म्हणजे तेव्हाच्या भावाने चोवीस-पंचवीस हजार, शिवाय ते सातासमुद्रापलीकडून आणण्याचा खर्च आणि कस्टम. त्या रकमेत वॉशिंग मशीन येतं आणि वर साबणाची पावडर सुटते.

"अहो, पण ही कॅसेट तुमच्याकडे आहे ना?" हिने विचारलं.

"आहे."

"आणि सीडीसुद्धा आहे."

"आहे. पण ही रीमास्टर केलेली आहे."

"म्हणजे काय करतात?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बी.कॉम.ला आम्हाला पुनर्मूल्यांकन शिकवलं होतं. जुनीच इमारत, जुन्याच भिंती; फक्त ताळेबंदात किंमत वाढवून दाखवायची. पण हे हिला सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर लेजर पाडून घेणं. म्हणून मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि या तबकडीचं खातं पहिल्या पानापासून तपासायला बसलो.

खातं मोठं चमत्कारिक आहे. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिलमोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे चौघे १९७२ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरले आणि १९७३च्या सुरुवातीला बाहेर पडले. हिशेब एकूण त्रेचाळीस मिनिटांचा. विषय काय, तर वेळ, पैसा, वेड आणि मरण. म्हणजे सरळ आमच्या शाखेतला सोमवार. तबकडी अमेरिकेत पहिल्या नंबरावर आली ती फक्त एक आठवडा. खुद्द इंग्लंडात तेव्हा दुसऱ्या नंबरापर्यंतच पोचली. पण अमेरिकेच्या त्या यादीत जी चिकटली, ती १९७३ ते १९८८ या काळात मिळून सातशे एक्केचाळीस आठवडे! एवढ्या अवधीत आमच्या बँकेत माणसाच्या चार बदल्या होतात आणि एक बढती हुकते.

त्यात 'मनी' नावाचं गाणं आहे. ते मला वर्गबंधूसारखं वाटतं, कारण सुरुवातच गल्ल्याच्या खणखणाटाने होते. तो आवाज यंत्रातून काढलेला नाही. वॉटर्सने घरी, बायको ज्यात मातीकाम करायची त्या वाडग्यात नाणी फेकून आवाज धरले. कागद फाटल्याचा आवाज घेतला, गल्ल्याचा घेतला. मग त्या फितीचे सारख्या लांबीचे सात तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवले आणि त्याची माळ करून ती फिरवत ठेवली. नाणी मोजण्याचं काम मी वीस वर्षं करतो आहे. त्याचं गाणं होऊ शकेल असं मला कधी सुचलं नाही. आमच्याकडे नाणी मोजताना लोक फक्त शिव्या देतात.

सात तुकडे, म्हणून गाणं सात मात्रांचं. हा शोध मला पुस्तकातून लागला नाही, आमच्या अण्णांनी लावला. अण्णा भजनी मंडळात तबला वाजवायचे. इंग्रजी गाणं म्हणजे पत्र्याच्या पिंपात दगड, हे त्यांचं मत. १९९३ साली दादाने ही कॅसेट घरात आणली, तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. 'मनी' सुरू झालं. पेपरमागून बोटं खुर्चीच्या हातावर पडू लागली. थोड्या वेळाने पेपर खाली आला.

"अरे, सात आहेत. रूपकासारखं जातंय की हे!"

आम्ही दोघे भाऊ गारच पडलो. मग गिटारची जागा आली. तिथे ही मंडळी सात सोडून सरळ चारात जातात. अण्णांची बोटं थांबली. "भ्यायले," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर केला. पण त्या दिवसापासून त्यांनी त्या कॅसेटला 'ते रूपकवाले' असं नाव दिलं. आमच्या घरात विदेशी कलाकाराला मिळालेली ही पहिली आणि शेवटची पदवी.

असो. खात्याकडे वळू.

या तबकडीची पहिली बाजू संपते ती एका बाईच्या आवाजावर. गाण्याचं नाव 'द ग्रेट गिग इन द स्काय'. शब्द नाहीत. १९७३च्या जानेवारीत एका रविवारी क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला बोलावलं, मरणाच्या विषयावर आहे एवढं सांगितलं, आणि बाई जे गायली त्याला आपल्याकडे आलाप म्हणतात आणि मैफल तिथेच संपवतात. बिदागी तीस पौंड. तीही रविवार होता म्हणून दुप्पट दराने! बाईंना वाटलं, आपलं गाणं काही हे लोक ठेवणार नाहीत. पुढे दुकानात तबकडीवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा कळलं.

आणि मग ही तबकडी चार कोटींच्या वर खपली. तीस पौंडांवर एकतीस वर्षं गेल्यावर, २००४ साली बाईंनी दावा लावला. म्हणणं एवढंच की, चाल बांधण्यात माझाही वाटा आहे. २००५ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. रक्कम बाहेर आली नाही, पण त्यानंतरच्या प्रतींवर राइटच्या नावाशेजारी टॉरीबाईंचं नाव रचनाकार म्हणून छापलं जाऊ लागलं. नवी आवृत्ती घ्यायला मला पटलेलं पहिलं कारण हे. ध्वनी किती स्वच्छ झाला ते मला ठाऊक नाही, हिशेब स्वच्छ झाला. थकबाकी मिळाल्याचा आनंद काय असतो, ते आमच्याइतकं कोणाला कळणार?

दुसरं कारण मात्र सापडेना. ही तबकडी पुन्हा काढणं हा एक जोडधंदाच होऊन बसला आहे. १९८३ साली जपानात तिची सीडी निघाली. वीस वर्षं झाली म्हणून १९९३ साली निघाली. तीस झाली म्हणून २००३ साली निघाली. तेव्हा मुखपृष्ठावर रंगीत काचेची खिडकी होती आणि आवाज पाच बाजूंनी यायचा. २०११ साली निघाली त्या पेटीत गाण्यांच्या जोडीला गोट्या, मफलर आणि पेले ठेवायच्या चकत्या होत्या. गोट्या! माणूस चाळिशी ओलांडून नोकरीला चिकटला की त्याच्या खिशातून पैसे काढायला त्याला परत सातवीत न्यावं लागतं, हे त्या कंपनीने बरोबर ओळखलं.

आणि २०२३चं खोकं? त्यात १९७४च्या लंडनमधल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आहे. ते चांगलंच आहे, पण २०११च्या पेटीतही होतं. जुन्या मुदत ठेवीचं नवं सर्टिफिकेट काढलं म्हणून रक्कम वाढत नाही. खरोखर नवीन म्हणजे ॲटमॉस नावाचा प्रकार. त्यात आवाज छतातूनही येतो. त्यासाठी ध्वनिक्षेपक वर टांगावे लागतात. आमच्या घरात छतातून आवाज येण्याची सोय आधीपासूनच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू पहाटे साडेपाचला पाटा-वरवंटा काढतात. शिवाय गेली दोन वर्षं मी ग्राहकाला खातेक्रमांक तीनदा विचारतो. डाव्या कानाने संपाची नोटीस दिली आहे. अशा माणसाने छतातून येणाऱ्या गिटारसाठी पंचवीस हजार मोजणं म्हणजे टकलाने सोन्याची फणी घेण्यासारखं आहे.

सगळ्यांत कळस पुढेच आहे. मार्चमध्ये लोकांनी खोकं घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यातल्या नव्या वस्तू सुट्ट्या विकायला काढल्या. म्हणजे ज्याला फक्त ॲटमॉस हवं होतं त्याने सात महिने कळ काढली असती तर बाकीचं ओझं वाचलं असतं. त्याच ऑक्टोबरात वॉटर्ससाहेबांनी, बाकीच्या मंडळींना वगळून, अख्खी तबकडी स्वतःच्या आवाजात पुन्हा मुद्रित करून बाजारात आणली. २०२४ साली पारदर्शक तबकडी आली: एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला चित्र. त्यामुळे एका तबकडीच्या गाण्यांना दोन तबकड्या लागल्या. आमच्या बँकेत कुणी असं केलं असतं तर स्टेशनरी खात्याने मेमो दिला असता.

आणि इतकी वर्षं, इतक्या आवृत्त्या, पण मुखपृष्ठावरची तूट कोणी भरून काढली नाही. ते काळं चित्र तुम्ही टी-शर्टवर पाहिलं असेल: लोलकातून पांढरा किरण जातो आणि पलीकडून रंग बाहेर पडतात. मोजून बघा. सहाच आहेत. शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकलेल्या कोणालाही कळेल की पारवा गायब आहे. रोखपालाला एक रुपया कमी आला तर तो खिशातून भरावा लागतो. इथे अख्खा रंग कमी आणि पन्नास वर्षं ताळेबंद मंजूर!

एवढा अहवाल तयार करून मी आठव्या दिवशी दादाला पुण्याला फोन लावला. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि या बाबतीत माझा गुरू. सगळं ऐकून तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण त्यात आपलं नाट्यपद आहे का?"

हे सांगायचं राहिलंच. दादाने मित्राच्या घरून तबकडी भरून आणली ती साठ मिनिटांच्या कॅसेटवर. पहिली बाजू एकोणीस मिनिटांत संपली. उरलेली दहा मिनिटं फीत कोरी पाहून अण्णांचा जीव कळवळला. "पैसे पडलेत त्याचे," म्हणत त्यांनी कॅसेट रेकॉर्डर आमच्या जुन्या रेडिओसमोर ठेवला आणि वसंतराव देशपांड्यांचं एक नाट्यपद भरून घेतलं. त्यामुळे टॉरीबाईंचा आलाप संपला की दोन सेकंद खरखर होते आणि वसंतराव सुरू होतात. मी ही तबकडी तीनेकशे वेळा तरी तशीच ऐकली. पुढे सीडी घेतली, तेव्हा बाईंच्या पाठोपाठ थेट गल्ला खणखणला आणि मला वाटलं, सीडी खराब निघाली.

आणि नाट्यपदाच्या शेवटी, टाळ्या पडायच्या आत, अण्णांचा आवाज आहे. "अरे, दूध बघ रे, उतू जाईल."

त्या इंग्रज मंडळींनीही असाच उद्योग केला होता. स्टुडिओतल्या माणसांना बोलावून वॉटर्सने चिठ्ठ्यांवर प्रश्न विचारले आणि उत्तरं गाण्यांमध्ये पेरली. पॉल मॅकार्टनीसारखा माणूस उत्तरं देऊन गेला, त्याचं काही घेतलं नाही. घेतलं कुणाचं? ॲबी रोडच्या दारवानाचं, जेरी ओड्रिस्कॉलचं. तबकडीवरचा शेवटचा मानवी आवाज त्याचा आहे. मग फक्त हृदयाचे ठोके. अण्णा २००९ साली गेले. त्यांचे फोटो आहेत. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ते पंगतीत आग्रह करताना दिसतात, पण व्हिडिओवाल्याने वर सनई भरली आहे. आवाज असा त्या एका वाक्याचाच.

"वाजते का रे अजून?" दादाने विचारलं.

वाजत नव्हती. फितीमागचं पॅड कधीच गळलं होतं, आणि भीतीने मी सात-आठ वर्षांत तिला हात लावला नव्हता.

वॉशिंग मशीन आलं. ते जागचं हलत नाही, त्यामुळे घर जरा सुनं वाटतं. मोबाइल पुढच्या करारावर ढकलला आहे. मी स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या एका टेपदुरुस्तीवाल्या काकांकडे कॅसेट घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यातून ती उजेडात धरली, पेन्सिलीने चार फेरे गुंडाळून पाहिले आणि म्हणाले, पॅड दुसऱ्या कॅसेटचं लावतो, फीत शाबूत आहे, पेनड्राइव्हवर भरून देतो, साडेतीनशे होतील.

"खरखर काढून टाकू का?" त्यांनी विचारलं. "आता एकदम स्वच्छ करता येतं."

"नको," मी म्हटलं.

गेल्या रविवारी दादा आला होता. आम्ही दोघं ऐकत बसलो. बाई गायल्या, खरखर झाली, वसंतराव गायले, आणि दुधाचं वाक्य आलं, तशी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "बंद केलाय गॅस!"