हळदीचा कागद आणि हातांची भाषा

पारा, बारा, मारा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता हे तीन शब्द म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. नुसते ओठ वाचणाऱ्या मुलाला यांतला फरक कळायचा कसा?

मुंबईत 1885 साली कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. त्याआधी पाचच वर्षं, 1880 मध्ये, इटलीतल्या मिलानच्या परिषदेत जमलेल्या शिक्षकांनी ठराव केला होता: या मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. त्या शिक्षकांतले जवळजवळ सगळेच स्वतः ऐकू येणारे होते. आपल्याकडच्या शाळांनीही पुढे तोच कित्ता गिरवला. विज्ञानाच्या तासाला मुलानं पाऱ्याकडे पाहायचं सोडून बाईंच्या ओठांकडे पाहायचं! मला हे फार सलतं, कारण विज्ञान मुळात डोळ्यांनी शिकायचा विषय. साताऱ्याच्या कास पठारावरची दवबिंदू वनस्पती चिकट केसांत किडा धरते, ते कळायला कान लागत नाहीत.

खुणा मात्र मेल्या नाहीत. वसतिगृहात, मैदानात, थोरल्यांकडून धाकट्यांकडे त्या जात राहिल्या. हे नुसते हातवारे नाहीत, व्याकरण असलेली भाषा आहे, असं अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये दाखवून दिलं. 1970च्या दशकात मदन वसिष्ठ आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या मोठ्या शहरांमधल्या खुणांचा अभ्यास सुरू केला. सांगलीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीतून 1990च्या दशकात दिलीप देशमुख यांचं कर्णबधिरांच्या द्विभाषिक शिक्षणावरचं पुस्तक निघालं. द्विभाषिक म्हणजे आधी खुणांची भाषा आणि तिचा हात धरून लिहिण्या-वाचण्याची. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता. 2021 मध्ये तो 10,000 शब्दांवर गेला आणि शाळेच्या विषयांतल्या संज्ञांनाही त्यात जागा मिळाली.

पण कोशात खूण आली म्हणून तास साधतोच असं नाही. सांगलीच्या हळदीचंच घ्या. ओली हळद कागदावर फासून वाळवली की आम्लारी ओळखणारा दर्शक तयार. त्यावर चुन्याच्या निवळीचा, म्हणजे आम्लारीचा, थेंब टाकला की पिवळ्याचं लाल होतं. कुंकूही पूर्वापार हळद आणि चुन्याच्या याच मेळातून होत आलं. लिंबू पिळलं की कागद पुन्हा पिवळा.

ऐकू येणारं मूल थेंबाकडे पाहतं आणि त्याच वेळी बाईंचं ऐकतं. कर्णबधिर मुलाला दोन्हींसाठी डोळेच वापरायचे असतात. थेंब पडताना बाईंचे हात बोलत राहिले, तर रंग तरी निसटतो नाहीतर अर्थ. म्हणून हात आधी सांगतात: आता चुना, बघ. मग ते थांबतात. थेंब पडतो, लाली हळूहळू पसरते. मुलाची नजर कागदावरून वर येईपर्यंत बाई वाट पाहतात आणि मगच आम्लारीची खूण करतात.