मोडलेले हाड आणि राखलेले हाड

नळांत चुना धरू नये म्हणून वापरात असलेल्या फॉस्फेटांवरून हर्बर्ट फ्लाइश यांना १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हाडांच्या औषधाची वाट सापडली, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. हे बिस्फॉस्फोनेट हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते. परंतु मोडलेले हाड आधी कच्चे सांधते आणि मग याच पेशी ते कोरून घडवतात. त्यांनाच बांधून ठेवले तर? २००५ मध्ये डॅलसच्या वैद्यांनी अलेंड्रोनेट घेणारे ९ रुग्ण मांडले. त्यांपैकी ६ जणांचे हाड उशिरा सांधले वा सांधलेच नाही. शंका रास्तच होती. पण भीतीपोटी औषध रोखावे, तर वृद्धाचे दुसरे हाड मोडायला टेकलेलेच! २००७ मध्ये खुब्याच्या अस्थिभंगाच्या २१२७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक आम्ल दिलेल्यांत सांधण्यास बाध आल्याचे दिसले नाही. नवे अस्थिभंग मात्र शेकडा १३.९ ऐवजी ८.६ जणांनाच झाले.