चेन्नईचा पाणीपुरवठा : भूजल व पृष्ठजल यांचा संयुक्त वापर

तमिळनाडू राज्याच्या राजधानीस (१९९६ पूर्वीचे नाव मद्रास) बारमाही नदी नाही. येथील वार्षिक पर्जन्यमान सु. १,४०० मिमी. असले, तरी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. तो चुकल्यास तलाव पुढील पावसापर्यंत रिकामे राहतात. तलावातील पृष्ठजल व जमिनीखालील भूजल ही एकाच पावसाची दोन कोठारे होत. तलावाचे पाणी सहज मिळते, पण उन्हाने लवकर आटते. भूजल सावकाश साठते, परंतु बाष्पीभवनापासून बव्हंशी सुरक्षित राहते. सुकाळात तलावांवर भागवून भूजल भरू द्यावे व अवर्षणात ते उपसावे, हे संयुक्त वापराचे तत्त्व होय. चेन्नईने यांपैकी उपशाचा भाग प्रथम स्वीकारला. भरण्याचा भाग पुष्कळ उशिरा स्वीकारला.

प्रारंभी नगराची भिस्त उथळ विहिरींवर होती. सेंट जॉर्ज किल्ल्यास पाणी देण्यासाठी १७७२ मध्ये ‘सात विहिरीं’ची योजना झाली. विल्यम फ्रेझर या अभियंत्याच्या १८६६ च्या योजनेनुसार कोसस्थलैयार नदीचे पाणी तामरैपाक्कम येथील बंधाऱ्यावरून चोळवरम् व रेड हिल्स (पुळल) या तलावांत वळविण्यात आले आणि १८७२ मध्ये ते नगरास मिळू लागले. १९४४ मध्ये त्याच नदीवर पूंडी जलाशय पूर्ण झाला. पुढे चेंबरंबाक्कम हा जुना सिंचन तलावही या व्यवस्थेत आला. या चार जलाशयांची एकूण क्षमता सु. ३२ कोटी घ. मी. आहे.

वाढत्या मागणीमुळे १९६० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने नगराच्या उत्तरेकडील आरणियार व कोसस्थलैयार नद्यांच्या गाळाच्या थरांचे सर्वेक्षण झाले. त्यानंतर मिंजूर, पंजेट्टी व तामरैपाक्कम येथे कूपनलिका क्षेत्रे विकसित करण्यात आली. मिंजूरचे पाणी मणली येथील उद्योगांनाही पुरविले जाई. याच थरांवर भातशेतीचे पंपही चालत. भरण्याहून उपसा अधिक झाल्याने गोड्या पाण्याचा दाब घटला व समुद्राचे खारे पाणी किनाऱ्यापासून अनेक किलोमीटर आत शिरले. एकदा खारावलेला थर एकदोन चांगल्या पावसाळ्यांनी पूर्ववत होत नाही. म्हणून १९८७ मध्ये महानगर क्षेत्रातील भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. नद्यांवर पाणी मुरविण्यासाठी बंधारेही बांधण्यात आले.

दूरचे पृष्ठजल आणण्याचा प्रयत्न याच सुमारास चालू होता. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या कृष्णाखोऱ्यातील राज्यांनी १९७६ मध्ये प्रत्येकी ५ अब्ज घन फूट (सु. १४ कोटी घ. मी.) पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. वाटेतील घट वजा जाता १२ अब्ज घन फूट पाणी तमिळनाडूच्या सीमेवर मिळावे, असे ठरले. तेलुगू गंगा कालव्याने हे पाणी १९९६ मध्ये पूंडीस पोहोचले. मात्र बहुतेक वर्षी ते ठरलेल्या प्रमाणाहून पुष्कळ कमी मिळाले.

२००३-०४ च्या अवर्षणात तलाव आटले व नळांचा पुरवठा जवळजवळ बंद पडला. घराघरांतील विहिरी आणि शेतकऱ्यांच्या विहिरींतून विकत घेतलेले टँकरचे पाणी यांवर नगर तगले. ज्यांच्या घरी खोल कूपनलिका नव्हती, त्यांना टँकरसमोर रांग लावावी लागली. २००३ मध्ये राज्य शासनाने प्रत्येक इमारतीस छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे सक्तीचे केले. २००५ च्या विपुल पावसानंतर विहिरींची पातळी लक्षणीय वाढली.

डिसेंबर २०१५ मध्ये महापुराने नगर बुडाले. जून २०१९ मध्ये तेच चारही जलाशय जवळजवळ कोरडे होते. मिंजूर (२०१०) व नेम्मेली (२०१३) येथील प्रत्येकी दररोज १० कोटी लि. क्षमतेच्या निःक्षारीकरण केंद्रांनी पुरवठ्यास आधार दिला. परंतु हे पाणी वीज खर्चून मिळवावे लागते. पुराचे पाणी मुरविणारे तलाव, पाणथळ जागा व नदीपात्रे बांधकामापासून वाचविल्याखेरीज भूजलाचे कोठार भरत नाही. उपशाची मोजदाद व पुनर्भरण यांवाचून दोन्ही स्रोतांचा एकत्र वापर हा दोन्ही आटविण्याचाच मार्ग ठरतो, हे चेन्नईच्या अनुभवावरून दिसून येते.