हात आणि वाचा : प्रस्तावना

घरातल्या कर्त्या माणसाला लकवा मारतो, उजवा हात लुळा पडतो आणि बोलणेही जाते. हात गेला हे समजते, पण वाचा का जावी? इंदुरातल्या दवाखान्यांत मराठी कुटुंबे हा प्रश्न विचारतात, आणि या अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा गोलार्ध चालवतो आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी, ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात सापडली. मग डावखुऱ्यांची वाचा उजवीकडे असणार, असे बराच काळ मानले गेले. ते खरे नव्हे. सुमारे ७० टक्के डावखुऱ्यांचीही वाचा डावीकडेच असते. उरलेल्यांत काहींची उजवीकडे, काहींची दोन्हीकडे. हातावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

आपल्याकडे तर डावखुरा कोण हेच नीट कळत नाही. प्रसाद उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने, पेन्सिलही उजव्याच हातात. माझी आजी जन्मभर उजव्या हाताने लिहीत आली, वाढत आली. स्टोव्ह पेटवताना काडी मात्र डाव्या हाताने ओढायची. आम्ही ते रोज पाहिले आणि कधी विचार केला नाही. कोण डावखुरा हे ठरवण्यासाठीच्या, १९७१ च्या ओल्डफील्ड यांच्या एडिंबरा प्रश्नावलीत लिहिण्याच्या जोडीला काडी ओढणे, फेकणे, झाडू धरताना वर असलेला हात हेही विचारले जाते. आपल्याकडे लिहिण्यापेक्षा याच उत्तरांना अधिक वजन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूरच्या अभ्यासकासमोर आणखी एक समृद्ध विषय आहे. इथला मराठी माणूस घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो. वाचाघातानंतर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असे नसते. म्हणून हिंदीत विचारून उत्तर मिळाले नाही, तर ‘बोलत नाही’ असा शेरा मारण्याआधी ‘पाणी हवं का?’ असे मराठीत विचारून पाहावे.

वाचकांना एकच विनंती. घरातली वडीलधारी माणसे कोणत्या हाताने काडी ओढतात, दगड फेकतात, ते आजच पाहून ठेवा. वेळ आलीच तर डॉक्टरांना सांगा.