जळातील कोलाहल

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांची घरघर ऐकली, की मनात येते, पाण्याखाली अशी घरघर कोण सोसत असेल?

मासा बहिरा व मुका, ही लोकसमजूत जुनी. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली शिटीसरशी येणारा मासा दाखवून तिचा निम्मा भाग खोडला. उरलेला १९४२ मध्ये ढळला; चेसापीक उपसागरात पाणबुड्यांसाठी लावलेल्या श्रवणयंत्रांत क्रोकर माशांचाच गलबला भरला. कोकणातील घोळ याच कुळातला.

१९७४ साली मुंबई हाय येथे तेल लागले. पुढे नॉर्वेच्या समुद्रात तेलशोधाचे वायुस्फोट चालू असता कॉड माशांची पकड सुमारे निम्म्याने घटल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेल हवेच, परंतु रिते जाळे ओढणाऱ्या कोळ्याचे गाऱ्हाणे त्या कोलाहलात बुडू नये.