कालव्यावरचे बीळ, कालव्याखालचे बीळ

पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या शिवारात खडकवासला धरणाचा कालवा ही दोन जमिनींमधली सीमा आहे. कालव्याखाली नदीपर्यंत ऊस आणि भाजीपाला, तर वर रामदऱ्याच्या अंगाला मुरूम, कुसळी गवत आणि बोरी-बाभळी. 1870 च्या दशकात खडकवासल्याचे पाणी या बाजूला वळले, पुढे विसाव्या शतकात नवा कालवा आला. या बदलाचा इतिहास आपण पिकांतून, शेतसाऱ्यातून आणि बाजारभावातून सांगतो. पण माळावरच्या किड्यामुंग्यांचे काय झाले हे कळायला उंदरांच्या बिळात डोकावावे लागते. या किड्यांचे जग सरकारी उंदीरमार मोहिमांनी फारसे हलले नाही. ते पाटाच्या पाण्याने हलले.

दख्खनच्या माळावरची बिळे जुन्या निसर्ग-अभ्यासकांनी बारकाईने पाहिली होती. कर्नल साइक्स यांनी दख्खनमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून बेनेट यांनी 1832 मध्ये काटेरी केसांच्या एका छोट्या उंदराचे शास्त्रीय वर्णन केले. वॉल्टर एलियट यांनी 1839 मध्ये लिहिले, की हा उंदीर तांबड्या मुरमाड जमिनीत राहतो, बिळाचे तोंड खड्यांनी बंद करतो आणि आतल्या खोलीतही खड्यांचीच गादी अंथरतो. खड्यांच्या फटींतून हवा जाते, तशीच एखादी मुंगीही जाऊ शकते. माळावरचा दुसरा रहिवासी म्हणजे झुबकेदार शेपटीचा, उड्या मारत पळणारा रानउंदीर, टाटेरा इंडिका. त्याच्या बिळाला अनेक तोंडे असतात. एप्रिलच्या उन्हात वरचा मुरूम पोळत असताना आत गारवा आणि ओल टिकते. रातकिडे, भुंगेरे, वाळूमाश्या आणि पिसवा यांना दिवस काढायला उघड्या माळावर याहून चांगला आसरा क्वचितच मिळतो. शिवाय उकरलेल्या मातीत वेगळे गवत उगवते, विष्ठेवर आणि साठवलेल्या दाण्यांवर वेगळे किडे जगतात. हाच उंदीर किडे खातोही, विशेषतः दाणा संपल्यावर. म्हणजे यजमान तोच आणि शिकारीही तोच.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे: उंदराने पिके बुडवली, त्याचे कौतुक कशाला? 1876-78 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ दख्खनमध्ये उंदरांचा सुळसुळाट झाला आणि उपाशी माणसांच्या हाती आलेले पीक गेले. ते नुकसान खरे होते आणि उंदीर मारणाऱ्यांना दोष देता येत नाही. मात्र उंदीर का वाढले, हे एलियट यांच्या जुन्या नोंदीतून उमगते. काळ्या रानाच्या भेगांत राहणारे मऊ केसांचे उंदीर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला भेगा मिटल्या की मोठ्या संख्येने मरत. 1826 मध्ये सुरुवातीचा पाऊस तुटला आणि त्यांचे पेव फुटले. उंदीर आवरणारा पाऊस होता. बक्षिसे लावून केलेली कत्तल त्याची जागा घेऊ शकली नाही.

दुसरा आक्षेप रोगांचा. उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे मुंबईत संशोधक लिस्टन यांच्या कामातून 1905 च्या सुमारास पुढे आले. मध्य आशियात गर्बिल उंदरांच्या बिळांतल्या वाळूमाश्या त्वचेच्या लेशमॅनिया रोगाचा संसर्ग माणसापर्यंत आणतात. हे दोन्ही पुरावे माझ्याच म्हणण्याला बळ देतात: बीळ म्हणजे कीटकांची वस्ती, आणि ती वस्ती माणसाच्या आयुष्यात शिरते. तिला नुसते उपद्रव म्हणून मोजले, की ती कधी आणि का बदलते हे दिसत नाही.

कालव्याखाली ती बदलली. ओल्या, पाटपाण्याच्या जमिनीत घुशीच्या कुळातला बँडिकोटा बेंगालेन्सिस सुखाने राहतो. रानउंदराला कोरडे रान लागते. बँडिकोटाची रीत वेगळी: बिळाचे तोंड तो ताज्या मातीने बुजवून घेतो. वडार लोक असे बीळ खणून त्यातला दाणा काढून घेत, एखाद्या बिळात कधी अर्धा शेर धान्य निघे, असे एलियट सांगतात. बुजवलेल्या, पाण्याने वरचेवर भिजणाऱ्या आणि नांगराने मोडणाऱ्या बिळात कोरड्या माळाच्या किड्यांना दिवस काढता येत नाही. त्यांची जागा उसाच्या आणि भाजीच्या किडी घेतात, ज्यांना आसऱ्यासाठी बिळाची गरजच नसते.

म्हणून लोणीच्या माळाची नोंद ठेवायची तर कालव्याच्या वर उरलेल्या मुरमावर आधी जायला हवे. तिथली जमीन पडीक म्हणून सपाट करण्याआधी तिच्यातली उघडी आणि बुजलेली बिळे मोजावीत, त्यांतले किडे ऋतूगणिक पाहावेत, आणि कालव्याखालच्या शेताच्या बांधावर तेच काम पुन्हा करावे.